सर्व्हर सांभाळायचे की सॉफ्टवेअर लिहायचं? कोकणातल्या नवख्यांसाठी

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की आमच्या पडवीत एकदोन मुलं आईवडिलांना घेऊन हमखास येतात. कुणी देवगडचं, कुणी राजापूरचं. कुणाचा डिप्लोमा झालेला, कुणी बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला. प्रश्न ठरलेला: "काका, सिस्टिम ॲडमिनमध्ये जाऊ की डेव्हलपर होऊ?" मी पहिली सहा वर्षं सर्व्हर सांभाळले, मग चार वर्षं प्रोग्रॅम लिहिले आणि आता पुन्हा सर्व्हरकडे आलोय. निम्मा महिना पुण्यात, निम्मा गावातून. दोन्हीकडचा आनंद आणि दोन्हीकडची झोपमोड मला ठाऊक आहे. त्या मुलांना जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितोय.

हा निर्णय पगाराचे आकडे ऐकून किंवा मामाचा मुलगा काय करतो ते बघून घेऊ नका. दोन्ही कामं स्वतःच्या हाताने करून बघा आणि मग ठरवा. त्याला आठ आठवडे आणि एक जुना कॉम्प्युटर लागतो.

पायरी १: दोन्ही कामं जवळून बघा

ॲडमिनचं काम म्हणजे जे चालू आहे ते चालू ठेवणं. सकाळी आल्याआल्या रात्रीचा बॅकअप झाला की नाही ते बघायचं, कुठली डिस्क भरत आलीय, कुठल्या वेबसाईटच्या प्रमाणपत्राची मुदत संपतेय ते तपासायचं, नवीन आलेल्यांची खाती उघडायची, सोडून गेलेल्यांची त्याच दिवशी बंद करायची, सुरक्षेचे अपडेट टाकायचे. आणि मधूनमधून फोन.

माझ्या पहिल्या वर्षातला एक फोन सांगतो. रात्रीचे पावणेदोन. एका कारखान्याचं बिलिंग बंद पडलेलं, गेटवर ट्रक उभे. सर्व्हरवर शिरलो तर डिस्क शंभर टक्के भरलेली. शोधत गेलो, एका प्रोग्रॅमची लॉग फाईल (तो काय काय करतोय त्याची तो स्वतः लिहीत असलेली नोंद) फुगून चाळीस जीबीची झाली होती. मी ती सरळ उडवली. पुन्हा बघितलं तर डिस्क तशीच, शंभर टक्के. फाईल दिसत नाही आणि जागाही सुटत नाही! घाम फुटला. लिनक्समध्ये, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, एखादा प्रोग्रॅम फाईल उघडी धरून बसला असेल तर तुम्ही ती उडवलीत तरी यादीतलं नाव तेवढं जातं, जागा त्या प्रोग्रॅमने फाईल सोडेपर्यंत अडकलेलीच राहते. हे मला त्या रात्री कळलं. प्रोग्रॅम रीस्टार्ट केला, जागा मोकळी झाली, ट्रक सुटले.

खरं काम मात्र त्यानंतरचं होतं. जुने लॉग ठरावीक दिवसांनी आपोआप बाजूला काढून टाकायची सोय त्या सर्व्हरवर कुणी लावलीच नव्हती. ती लावली, डिस्क ऐंशी टक्क्यांवर गेली की मोबाईलवर मेसेज येईल असं केलं, आणि काय झालं होतं ते पानभर लिहून ठेवलं. पहाटेचे चार वाजले. ट्रक सोडणारा तात्पुरती शाबासकी मिळवतो. ते पानभर लिहून ठेवणारा चांगला ॲडमिन होतो.

आता डेव्हलपरचा एक आठवडा. आंब्याची पेटी रवाना झाली की गिऱ्हाईकाला एसएमएस जावा, एवढंच काम. इंग्रजी मेसेज एकात जायचा, मराठी केला की त्याचे दोनतीन तुकडे व्हायचे आणि बिल वाढायचं. कारण सापडायला अर्धा दिवस गेला. 'रत्नागिरी' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो: र, त्ना, गि, री. कॉम्प्युटर मात्र तो नऊ चिन्हांचा मोजतो, कारण त्याच्या लेखी पाय मोडणं वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० चिन्हं मावतात, देवनागरीची फक्त ७०. मग मजकूर छाटला, पाठवण्याआधी चिन्हं मोजणारा कोड लिहिला, त्याच्या चाचण्या लिहिल्या. रिव्ह्यू करणाऱ्या, म्हणजे माझा कोड तपासणाऱ्या, सहकारी ताईंनी विचारलं, "गिऱ्हाईकाचं नाव लांबलचक असलं तर?" पुन्हा बसलो. चार दिवस एकाच गोष्टीवर. रात्री फोन आला नाही, पण डोक्यातून ते सत्तर चिन्हांचं गणितही गेलं नाही.

ॲडमिनचा दिवस त्याच्या हातात नसतो, अडचण कधी येईल ते तो ठरवत नाही. डेव्हलपरचा दिवस बऱ्यापैकी त्याच्या हातात असतो, पण एकाच गाठीशी दिवसेंदिवस बसायची त्याची तयारी लागते.

दोघांचं नशीब एकमेकांत किती अडकलेलं असतं ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स बंद पडली, विमानतळांवर रांगा लागल्या. चूक एका अपडेट फाईलची होती, पण असंख्य ठिकाणी ॲडमिनांना एकेका मशिनपाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये उघडून ती फाईल हाताने काढावी लागली.

पायरी २: आठ आठवडे घरीच दोन्ही कामं करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. बाकीच्या वाचून सोडल्यात तरी चालेल, ही सोडू नका.

जुना डेस्कटॉप मिळवा. ४ जीबी रॅम असेल तरी पुरे. त्यावर डेबियन किंवा उबंटू हे लिनक्सचे प्रकार टाका, दोन्ही फुकट आहेत. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे धडे मराठी आवाजात आहेत, तेही फुकट. इंटरनेट चांगलं असेल त्या वेळी उतरवून ठेवा.

पहिले चार आठवडे लिहा. विषय घरचाच घ्या, म्हणजे आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरची नोंदवही. बाग नसेल तर मच्छीचा, काजूगराचा, नाहीतर होमस्टेच्या खोल्यांचा हिशोब घ्या. गिऱ्हाईकाचं नाव, किती पेट्या, दर, पैसे आले की बाकी. पायथन आणि त्याच्यासोबतच येणारा एसक्यूलाईट डेटाबेस एवढ्यावर हे होतं.

दुसऱ्या आठवड्यात पैशांचा हिशोब लिहाल तेव्हा पायथनला ०.१ अधिक ०.२ किती ते विचारा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. दशांशातले बरेच आकडे कॉम्प्युटरच्या फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीत नेमके बसत नाहीत, म्हणून असं होतं. म्हणूनच पैसे रुपयांच्या दशांशात न ठेवता पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवायचे: १२५० रुपये ५० पैसे म्हणजे १२५०५०. हे वाचून "अरे, असं का?" म्हणत तुम्ही आणखी तासभर खोदत बसलात, तर ते वहीत लिहून ठेवा. तो कौल आहे.

तिसऱ्या आठवड्यात ती नोंदवही घरातल्या बागायतदाराच्या हातात द्या. बाबा किंवा काका पाच मिनिटांत विचारतील: "अर्धी पेटी कशी लिहू? पेटी फुटून आली तर पैसे कुठे वजा करू?" तुम्ही याचा विचारच केलेला नसेल. त्या क्षणी तुम्हाला राग येतो की डोकं चालायला लागतं, तेवढं बघा. डेव्हलपरच्या जन्मभराच्या कामाचा मोठा भाग हाच आहे. चौथा आठवडा त्या दुरुस्त्यांना जाईल.

पुढचे चार आठवडे तीच नोंदवही चालवा. डेस्कटॉपचा मॉनिटर काढून तो कोपऱ्यात ठेवा आणि लॅपटॉपवरून एसएसएचने (नेटवर्कमधून दुसऱ्या मशिनवर सुरक्षितपणे शिरायची सोय) त्यात शिरा. घरातल्या सगळ्यांना मोबाईलवरून नोंदवही उघडता आली पाहिजे. उघडणार नाही. मग शोधायचं. मशिनचा नेटवर्कवरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग (पोचतंय का ते बघणारी हाक) जातंय पण नाव टाकून एकही साईट उघडत नाही, तर बिघाड डीएनएसमध्ये, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत. एकेक शक्यता कापत मूळ कारणापर्यंत जायची ही सवय ज्याला जडते, त्याला ॲडमिनचं काम कंटाळवाणं वाटत नाही.

सातवा आठवडा बॅकअपचा. जुना नियम आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. कोकणात ही 'दुसरी जागा' नुसती शेजारची खोली नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरसोबत त्याच टेबलाच्या खणातली हार्डडिस्कही पाण्याखाली जाणारच. तिसरी प्रत गावाबाहेर, नाहीतर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर.

बॅकअप घेतलात की मुद्दाम डेटाबेस उडवा आणि घड्याळ लावून परत आणा. घाबरू नका, घाबरायची सवय मोडायलाच हे करायचं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत रात्री थकलेल्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा चालू डेटाबेस उडवला. मग लक्षात आलं की बॅकअपच्या लावून ठेवलेल्या पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. सुदैवाने सहाएक तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. तेवढ्या तासांचा डेटा गेलाच. परत आणून बघितलेला नाही तो बॅकअप धरायचा नाही, हा धडा त्या कंपनीने सगळं उघडपणे लिहिलं म्हणून आपल्याला फुकटात मिळाला.

आठव्या आठवड्यात, कुणी ऑर्डर लिहीत असताना डेस्कटॉपची वायर खेचा. लाईट आल्यावर नोंदवही आपोआप सुरू होते का? अर्धवट ऑर्डरचं काय झालं? सुरू होत नसेल तर होईल असं करा, आणि दुसऱ्या कुणालाही हा सर्व्हर सांभाळता येईल असं एक पान मराठीत लिहा.

या आठ आठवड्यांत रोज रात्री वहीत दोन ओळी लिहा: आज कुठे अडलो, आणि अडल्यावर काय वाटलं. शेवटी ती वही वाचा. जेवायला मारलेली हाक ऐकू आली नाही असे दिवस पहिल्या चार आठवड्यांत जास्त आहेत की दुसऱ्या? माझी पुतणी डेव्हलपरच होणार म्हणून बसली होती. तिच्या वहीत पहिल्या महिन्याच्या ओळी 'झालं एकदाचं' अशा होत्या, आणि डीएनएसच्या आठवड्यात अडीच पानं. आज ती नेटवर्कचं काम करते.

कोड लिहून देणारी एआय साधनं या आठ आठवड्यांत बाजूला ठेवा. एररचा अर्थ विचारायला हरकत नाही, पण उत्तर मागू नका. इथे कोड मिळवायचा नाहीये, स्वतःला ओळखायचंय, आणि ते काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

पायरी ३: लाईट, रेंज आणि गणपती यांचा हिशोब मांडा

पुण्यातला सल्लागार हे तुम्हाला सांगणार नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. खांब आडवे झाले, आमच्या वाडीत लाईट आठवडाभर नव्हती. माझे सर्व्हर मुंबईत व्यवस्थित चालू होते, त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हतं ते मलाच. सड्यावर चढून एका जागी रेंजची एक कांडी मिळाली, तिथून सहकाऱ्याला एसएमएस केला की माझी ऑन-कॉल पाळी (बिघाड झाला की फोन घ्यायची) तू घे. त्याने घेतली. डेव्हलपर असतो तर माझं काम आठवडाभर मागे पडलं असतं, एवढंच. ॲडमिनचं मागे पडत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर जातं.

म्हणून गावातून ॲडमिनचं काम करायचं असेल तर इन्व्हर्टर, राउटरसाठी छोटा यूपीएस आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट हा खर्च आधी धरा. मिरगाच्या आधी बॅटरीचं पाणी तपासा. आणि घरच्यांना कल्पना द्या. आमची आई अजून म्हणते, "रे झिला, गणपतीत तरी तो फोन बंद ठेव." आरती चालू असताना फोन वाजला की मला उठावं लागतं, आणि तिला वाईट वाटतं. हे मी लपवत नाही.

पायरी ४: नोकरी कुठे आहे ते बघा

ॲडमिनचं पहिलं काम तुम्हाला जिल्ह्यात मिळू शकतं. कॉलेजं, सहकारी बँका आणि पतसंस्था, हॉस्पिटलं, लोटे परशुरामसारख्या एमआयडीसीतले कारखाने, बंदरं, मोठी रिसॉर्ट, सगळ्यांना नेटवर्क, कॅमेरे, सर्व्हर बघणारं माणूस लागतं. पण अशा ठिकाणी तुम्ही बहुतेक एकटे असता. शिकवणारं कुणी नाही, आणि प्रिंटरचा कागद अडकला तरी हाक तुम्हालाच. माझं मत असं की तिथे वर्ष-दीड वर्ष मन लावून करावं, केबल क्रिंप करण्यापासून (टोकाला जोड बसवण्यापासून) सगळं हाताखालून घालावं आणि मग मोठ्या टीममध्ये जावं. तिथेच पाच वर्षं बसलात तर पुढची दारं जड होतात. मोठ्या कंपनीतही नवख्याच्या हातात सर्व्हर लगेच देत नाहीत. सुरुवात हेल्पडेस्क किंवा शिफ्टमध्ये मॉनिटरिंगने होते. ते कमी प्रतीचं समजू नका.

डेव्हलपरची पहिली नोकरी मात्र जिल्ह्यात जवळपास नाहीच असं धरून चाला. पुणे, मुंबई, नवी मुंबई, नाहीतर खाली गोवा. घरून काम देणाऱ्या कंपन्या आहेत, पण पहिल्या दोन वर्षांत टीमसोबत बसून जे कानावर पडतं ते घरून मिळत नाही. आधी जा, शिका, नाव कमवा, मग परत यायचं बघा. निवडीसाठी कोडिंगची चाचणी असते, त्यासाठी डेटा स्ट्रक्चरचा (प्रोग्रॅममध्ये माहिती मांडायच्या पद्धतींचा) चारसहा महिने रोज सराव लागतो. आणि तुमची ती नोंदवही गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या आणि दाखवायच्या साईटवर, ठेवा. मुलाखतीत तिच्याबद्दल विचारलं तर वीस मिनिटं न अडखळता बोलता येईल, कारण ती खरंच तुम्ही लिहिलेली आहे.

पायरी ५: कोर्स आणि सर्टिफिकेट

दहावीनंतर आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) हा एक वर्षाचा ट्रेड चालतो, डिप्लोमा चालतो, बीएस्सी आयटी चालतं, लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी असेल तर उत्तमच. मोठ्या कंपन्या डेव्हलपरसाठी पदवीवर जास्त अडून बसतात, ॲडमिनच्या वाटेवर डिप्लोमावाल्याला शिरकाव सोपा असतो.

ॲडमिनच्या बाजूला सर्टिफिकेटला किंमत आहे. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए परीक्षा मला आवडते, कारण तिथे पर्यायांवर खूण करायची नसते, चालू मशिनवर कामं करून दाखवायची असतात. नेटवर्ककडे ओढा असेल तर सिस्को कंपनीची सीसीएनए. दोन्हींची मुदत तीन वर्षांची असते, म्हणून पास होऊन घरी बसायचं असेल तर घाई करू नका. डेव्हलपरच्या बाजूला सर्टिफिकेट फारसं कुणी विचारत नाही, केलेलं काम बघतात.

'शंभर टक्के नोकरी' म्हणून लाखभर रुपये आगाऊ मागणाऱ्या क्लासपासून लांब राहा. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या वडिलांनी त्यासाठी कलमं गहाण टाकली. नोकरी लागली नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन वर्गांच्या साईटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पैसे परीक्षा दिलीत तरच.

पायरी ६: मधली वाटही बघून ठेवा

दोन्ही कामांमधली भिंत आता पातळ झालीय. २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात 'डेव्हऑप्स' नावाने पहिली परिषद भरली, तेव्हापासून लिहिणारे आणि चालवणारे एका टेबलावर बसू लागले. आज शंभर सर्व्हर उभे करायचे तर ते हाताने कुणी करत नाही, त्यासाठी कोड लिहितात. म्हणून ॲडमिन व्हायचं असलं तरी पायथन आणि शेल स्क्रिप्ट (लिनक्सच्या आज्ञा एका फाईलमध्ये लिहून चालवणं) आलंच पाहिजे, डेव्हलपर व्हायचं असलं तरी लिनक्सवर लॉग वाचता आले पाहिजेत. बाजू नंतर बदलता येते, मी दोनदा बदलली. पण नवख्याने थेट डेव्हऑप्सच्या नोकरीमागे धावू नये. आधी एका बाजूचं काम अंगात मुरू दे.

पायरी ७: होकार देण्याआधी हे विचारा

ॲडमिनच्या मुलाखतीत: महिन्यात ऑन-कॉलच्या रात्री किती? रात्रभर जागलो तर दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे का? टीममध्ये किती जण आहेत, आणि गणपतीचे पाच दिवस मी गावाला असलो तर माझी पाळी कोण घेईल? रात्रपाळी असेल तर ने-आण करायला गाडी आहे का? मुलींनी हे विचारायला अजिबात संकोचू नये. डेव्हलपरच्या मुलाखतीत: माझा कोड कोण तपासेल? पहिल्या सहा महिन्यांत कुणाच्या हाताखाली असेन? लिहिलेलं रात्री बंद पडलं तर फोन कुणाला जातो?

उत्तरं वहीत लिहून आणा, त्या आठ आठवड्यांच्या वहीतच, पुढच्या पानावर.